आत्याचं ‘हो’ धरून

आत्याने घरच्या टेबलाशी पहिल्यांदा ‘नाही’ म्हटलं तेव्हा ती सत्तरी ओलांडून गेली होती, आणि ते तिने इतक्या साध्या आवाजात म्हटलं की टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कुणाला ते ऐकूच गेलं नाही. तिचा भाचा ‘तर मग ठरलं’ म्हणून कागद गोळासुद्धा करू लागला होता. आत्याने त्या कागदांवर हात ठेवला आणि पुन्हा म्हणाली, “नाही.”

ही बया हट्टी झाली, म्हातारपणी डोकं फिरलं, असं पुढे दोन आठवडे त्या घरात बोललं गेलं. बोलणाऱ्यांना काय, जिभेला हाड नसतं. पण आत्याच्या ‘नाही’चं वजन कळायचं असेल तर त्या घरातला नियम आधी सांगायला हवा.

नियम तिच्या वडिलांचा. ते बस डेपोत मेकॅनिक होते. त्यांचे दोन चुलते एका जुन्या ट्रकवरून कायमचे तुटले होते, कारण ट्रक घेताना एकाने म्हणे होकार दिला होता आणि दुसऱ्याच्या मते त्याने नुसती मान हलवली होती. ती मान मानेसारखी हलली की होकारासारखी, यावर दोन घरं वेगळी झाली. वडिलांनी त्यातून धडा घेतला. महिन्याच्या पहिल्या रविवारी जेवणं आटोपली की टेबल पुसायचं आणि घरात कमावणारी माणसं त्याभोवती बसायची. नेहमीच्या खर्चाबाहेरचं काही करायचं असेल तर ते तिथे बोलायचं, आणि ज्याच्या कमाईला हात लागणार त्याने तोंडाने ‘हो’ म्हणायचं. मान डोलवलेली चालणार नाही, गप्प बसलेलं चालणार नाही. एकाने ‘नाही’ म्हटलं की विषय संपला, आणि त्याला कारण विचारायचं नाही. कारण विचारलं की माणूस खोटं बोलतो, असं वडिलांचं म्हणणं होतं.

बूट बनवणाऱ्या कारखान्यात आत्या शिवणावर लागली तेव्हा विशीही उलटली नव्हती. पहिला पगार झाला त्या रविवारी वडिलांनी भिंतीकडची खुर्ची पायाने पुढे सरकवली आणि म्हणाले, “बस.” आई चहाचे कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला मुलीचं कौतुक वाटलं आणि ती कप ठेवून पुन्हा दारात जाऊन उभी राहिली. आत्याला त्या दिवशी खुर्चीपलीकडचं काही दिसलं नाही. कारखान्यात बुटाचा वरचा भाग शिवताना सुई एकदा नखातून आरपार गेली होती, तेव्हा डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. त्या खुर्चीवर मात्र तिला रडू आलं.

तिचं पहिलं ‘हो’ तेलाच्या डब्याला होतं. आठवड्याला बाटली आणण्याऐवजी अख्खा डबा घ्यायचा की नाही, असा गहन प्रश्न होता. हसू नका. त्या काळात घरातला पैसा पोटातच जायचा. धान्य, तेल, रॉकेल, बटाटे, आणि रविवारी अंडी, तीसुद्धा वडिलांना आणि धाकट्या भावाला अख्खी आणि बायकांना अर्धी. साबणाची वडी आणली की आई ती दोऱ्याने कापून तुकडे करायची, म्हणजे एका वेळी एकच तुकडा झिजेल. बूट शिवणाऱ्या पोरीच्या पायात कारखान्यातले नाकारलेले बूट असायचे, डावा उजव्याहून किंचित गडद.

मग पैसा डोक्यात जाऊ लागला. धाकट्याची फी, पुस्तकं, शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचा बसचा पास. आत्याने प्रत्येक वेळी ‘हो’ म्हटलं. त्याच सुमारास कारखान्याच्या गोदामातल्या एका कारकुनाने तिला लग्नाचं विचारलं होतं आणि तिने नकार दिला. घरातल्यांनी नंतर त्याची फार सुंदर गोष्ट करून ठेवली: भावाच्या शिक्षणासाठी ताईने संसारावर पाणी सोडलं. आत्या ती गोष्ट ऐकली की वैतागायची. “पाणी कसलं डोंबलाचं! तो माणूस बोलताना नाकातले केस उपटायचा,” असं ती चारचौघांत सांगायची, आणि गोष्ट सांगणाऱ्याचं तोंड पाहण्यासारखं व्हायचं.

भाऊ शिकला, वीज कंपनीत लागला, त्याचं लग्न झालं. भावजय घरात आली तशी सासूशेजारी दारात उभी राहायला लागली. आणि आता खर्च वायरी घेऊन घरात शिरला: पंखा, इस्त्री, टीव्ही. फ्रिजला वडील दोन वर्षं ‘नाही’ म्हणत राहिले. नियमाप्रमाणे कारण कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, आणि ते गेले तेव्हा कारणही आपल्याबरोबर घेऊन गेले. त्यानंतरच्या रविवारी फ्रिज आला. आत्या कितीतरी दिवस त्याचं दार उघडून आत बघायची, जणू वडिलांनी आक्षेप तिथे कुठेतरी ठेवला असेल.

पुढे आईची औषधं आली. त्यांना ‘हो’ म्हणायला कुणी टेबलाशी बसलं नाही, ती नुसती आली आणि आईबरोबर संपली. भाच्याची शाळा आली, तिची फी बापाच्या अख्ख्या कॉलेजाहून जास्त. शिकवण्या आल्या, कॉम्प्युटर आला. आत्याने सगळ्याला ‘हो’ म्हटलं, आणि हे लक्षात ठेवा, मनापासून म्हटलं. ती काही गरीब गाय नव्हती. तिला त्या टेबलावर सरकणारा आपला पैसा बघायला आवडायचं. या पोराच्या इंग्रजीत माझी शिवण आहे, असं ती मैत्रिणींना सांगायची, आणि त्या हसल्या तर तिला राग यायचा.

घोडं अडलं ते पैसा दिसेनासा झाला तेव्हा. फोनचे पैसे, इंटरनेटचे पैसे, विम्याचे पैसे, हप्त्याचे पैसे. स्वयंपाकघर असताना बाहेरून डबे येऊ लागले, आणि डबे रिकामे झाले की भावजय ते धुऊन रचून ठेवायची, कारण टाकवत नसत. पूर्वी पैसा गेला तरी घरात काहीतरी मागे ठेवून जायचा. आता महिन्याच्या पाच तारखेला तो आपला आपणच जायचा, कुणाला न विचारता. भाच्याचं लग्न झालं, त्याची बायको दातांच्या दवाखान्यात काम करायची, तीही टेबलाशी बसू लागली. पण बसायचं कशाला? भाचा फोन पुढे करायचा आणि म्हणायचा, “सगळं इथे आहे, आत्या. कधीही बघ.” आत्या बघायची. तिथे खर्चाचा रंगीत गोल असायचा आणि त्या गोलाला कुणीही तोंडाने ‘हो’ म्हटलेलं नसायचं. पहिला रविवार अर्ध्या तासाचा झाला, मग दहा मिनिटांचा, मग कुणाला तरी बाहेर जायचं असायचं.

अशातच भाच्याने नवं घर काढलं. शहराबाहेर, चौदाव्या मजल्यावर, खाली बाग आणि तलाव. त्यासाठी त्याने सगळ्यांना रीतसर टेबलाशी बसवलं, हे त्याचं चांगलंच. नकाशा पसरला. ही आमची खोली, तो म्हणाला. ही आईबाबांची. ही तिसरी, इथे माझं घरून काम, आणि या कोपऱ्यात ट्रेडमिल.

आत्याने चष्मा पुसला आणि नकाशावर बोट फिरवलं. स्वयंपाकघर, न्हाणीघर, कपडे वाळत घालायची जागा. सगळ्याला जागा होती.

“आणि मी?”

“तू हॉलमध्ये,” भाचा उत्साहाने म्हणाला. “आत्या, तो सोफा उघडतो. एकदम मऊ, तू झोपून बघच.”

“पाहुणे आले की?”

“मग काय, तेवढ्यापुरती आईबाबांच्या खोलीत बसायचं. आपलीच माणसं.”

सध्याच्या भाड्याच्या घरात आत्याची एक खोली होती. खोली म्हणजे काय, पूर्वी तिथे कोळसा ठेवायचे. पलंग आणि खुर्ची मावल्यावर माणसाला आडवं होऊन शिरावं लागे. खिडकीतून बेकरीचं मागचं अंगण दिसायचं आणि पहाटे भट्टीची ऊब भिंतीतून यायची. पण त्या खोलीला दार होतं, आणि दाराला आतून कडी होती. इतकी वर्षं शिवणयंत्रांच्या खडखडाटात काढलेल्या बाईला ती कडी लावल्यावर जी शांतता मिळायची तिची किंमत त्या रंगीत गोलात कुठे मांडणार? ट्रेडमिलला दार होतं. आत्याला नव्हतं.

तर तिथे तिने ‘नाही’ म्हटलं.

भाच्याचा चेहरा आधी गोंधळला, मग उतरला. “आत्या, चेष्टा करू नकोस. बुकिंगचे पैसे भरलेत मी. तुझे निवृत्तीचे साठलेले पैसे मिळणार म्हणूनच भरले ना? बँकेचा अर्जसुद्धा तयार आहे, तुझी फक्त सही राहिलीय.”

“मला न विचारता?”

“तू कधी नाही म्हणतेस का? तुझं ‘हो’ धरूनच चाललो आम्ही.”

“माझं ‘हो’ तू कुठून आणलंस?” आत्या म्हणाली. “मी तर अजून म्हटलं नव्हतं.”

खरं तर त्या पोराच्या मनात पाप नव्हतं. आत्याचं ‘हो’ त्याला नळाच्या पाण्यासारखं वाटत होतं, तोटी सोडली की येणारच. असली चूक त्याच घरात होऊ शकते जिथे एखादं माणूस जन्मभर हो म्हणत आलंय. पण पाप नव्हतं म्हणून अपमान कमी झाला असं कुणी सांगितलं? आत्याला तो झोंबला, चांगलाच झोंबला. खोलीत जाऊन तिने कडी लावली आणि संध्याकाळपर्यंत काढली नाही.

पुढचे दिवस घरात सगळ्यांची तोंडं फुगलेली. भाच्याची बायको गोड बोलून बघायची: “आत्या, तिथे लिफ्ट आहे, तुमच्या गुडघ्यांना किती बरं!” आत्या म्हणायची, “माझ्या गुडघ्यांनी अजून तक्रार केलेली नाही.” भाचा तर बोलायचाच बंद झाला. शेवटी भाऊ दारात आला. तोही निवृत्त झालेला, केस पांढरे, पण ताईपुढे उभा राहिला की अजूनही पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायचा.

“ताई, कारण तरी सांगशील?”

“बाबांनी काय सांगितलं होतं?”

“बाबा जाऊन जमाना झाला.”

“मग नियमही गेला का? गेला असेल तर तसं सांग. म्हणजे माझी मागची सगळी ‘हो’ पण परत मागते.”

“आम्ही तुला काय कमी केलं गं?” भाऊ म्हणाला. भावावर तिची माया होती. म्हणून काय सोफ्यावर झोपायचं?

या सगळ्यात भावजय काहीच बोलत नव्हती. सकाळ-संध्याकाळ आत्याच्या दाराशी चहा ठेवायची आणि निघून जायची. आत्याला वाटलं, हीसुद्धा त्यांच्यातलीच, मनातून मला शिव्या घालत असणार. तिने एकदाही दार उघडून विचारलं नाही.

दोन आठवड्यांनी, रविवारी, पुन्हा सगळे टेबलाशी बसले. भाच्याने घसा साफ केला. “ठीक आहे. तिसरी खोली आत्याची. ट्रेडमिल हॉलमध्ये. आता तरी झालं?”

भावाने सुटकेचा श्वास टाकला. आत्याच्याही ओठांवर ‘हो’ आलंच होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. खोली मिळत होती, तीसुद्धा आडवं न होता शिरता येणारी. पण तिने भाच्याकडे बघितलं. तो तिच्या उत्तराची वाट बघत नव्हता. त्याचा अंगठा फोनवर चालू होता, ‘हो’ आलं की लगेच बँकेला कळवायला. आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“नाही,” ती म्हणाली. “पैसे माझे आहेत, ते माझ्याकडे राहतील. मी इथेच राहणार. भाडं माझ्या पेन्शनीत बसतं. तुम्ही जा, सुखाने जा, मी बघायला येईन आणि रात्रीच्या आत परत येईन.”

“एकटी?” भाऊ म्हणाला.

“का? मला कोण खातंय?”

भाच्याने फोन टेबलावर आपटला. “बस्स! एका माणसाच्या हट्टापायी सगळ्यांनी अडकायचं का? आत्याचे पैसे नकोत आपल्याला. बाबांचा फंड आणि आमचे दोघांचे पगार, घेऊ थोडं छोटं घर. तिचा पैसाच नाही तर तिचं ‘नाही’ही नाही. नियम नियम करते ना? हा घे नियम. माझं ‘हो’.”

“हो,” त्याची बायको म्हणाली.

भावाने ताईकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि टेबलाकडे बघत म्हणाला, “हो.”

आत्या हरली होती. भाच्याने नियमाला बरोबर धरलं होतं, आणि त्यात तिला कुठे फट दिसेना. तिची खोली वाचली होती, पण घर तिच्यावाचून उठून जायला निघालं होतं, आणि ते बघायला आपली तयारी नाही हे तिला त्याच क्षणी कळलं.

“माझं ‘नाही’,” कुणीतरी म्हणालं.

स्वयंपाकघराच्या दारात भावजय उभी होती, हातात चहाचं भांडं.

“अगं तुला कोण विचारतंय?” भाऊ सवयीने म्हणाला. रागाने नाही, सवयीनेच. “तुझा पैसा कुठे आहे यात?”

“नाही ना?” भावजय म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. “माझं मनगट मोडलं होतं ते साल आठवतंय? दोन महिने बाहेरून डबे आले, कपडे धुवायला बाई आली. इथेच बसून ताईंनी सांगितलं होतं, या महिन्यात खर्च दुप्पट झाला. आणि तुम्ही सगळ्यांनी माझ्या मनगटाकडे असं पाहिलंत, जसं काही मीच पैसे उधळून आले. मग मनगट बरं झालं, खर्च खाली आला. तो कुणाच्या हाताने खाली आला? तेव्हा नाही कुणी विचारलं.”

आत्याला ते वाक्य आठवत होतं. तिनेच म्हटलं होतं, याच खुर्चीवरून, आणि वर हेही म्हटलं होतं की आता जरा हात आखडता घ्यायला हवा. आई त्या दारात उभी राहून म्हातारी झाली, मग ही उभी राहिली, आणि आपण खुर्ची मिळाल्याच्या आनंदात एकदाही मागे वळून बघितलं नाही. आपलं ‘हो’ धरून चालले म्हणून आपण इतकं पेटलो. हिचं तर कुणी धरलंसुद्धा नव्हतं. आत्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त, राग आला, पहिल्यांदा वडिलांचासुद्धा.

“आई, हे बघ,” भाचा सुरू झाला, “नियमाप्रमाणे...”

“चुलीत गेला नियम,” आत्या म्हणाली. तिने बसल्या बसल्या शेजारची मोकळी खुर्ची ओढली. “ये गं. बस इथे. आणि तोंडाने सांग, नीट ऐकू येईल असं.”

भावजय आली. बसताना तिने खुर्ची आधी पदराने पुसली, पाहुण्यांच्या घरी बसावं तशी टोकावर टेकली, आणि मग जरा विचार करून मागे सरकून पाठ टेकवली.

“नाही,” ती म्हणाली. “मला चौदाव्या मजल्यावर जायचं नाही. छोट्याही घरात नाही आणि मोठ्याही नाही.”

“बरं,” भाऊ हळूच म्हणाला. “संपला विषय. कारण काही विचारायचं नसतं.”

“विचारायचं नसतं ते तुमच्यात. मला सांगायचंय. लग्न होऊन आले तेव्हापासूनचं साठलंय, वेळ लागेल.” तिने चहाचं भांडं टेबलाच्या मधोमध ठेवलं. “आणि चहा आपापला ओतून घ्या.”

भाचा उठला आणि कप आणायला आत गेला. बराच वेळ एकेक कपाट उघडल्याचे आवाज येत राहिले. कप कुठे असतात हे त्याला माहीत नव्हतं, आणि टेबलाशी बसलेल्या तिघी बायकांपैकी कुणीही ते त्याला सांगितलं नाही.